वॉरंटीवर भांडू नका, गळती कधीची ते सिद्ध करा

अकोल्याच्या एका वाचकांचे पत्र आहे. २०१७ची छोटी गाडी. एप्रिलमध्ये एसी थंड हवा देईना, तेव्हा गॅरेजने ‘कंप्रेसर (गॅस दाबणारा पंप) गेला’ म्हणून नवा बसवला. गॅससह बिल ३१,४०० रुपये. ऑगस्टमध्ये एसी पुन्हा बंद. गॅरेज म्हणते, कंप्रेसर ठीक आहे आणि गॅसला वॉरंटी नाही असे बिलावर छापले आहे. दुसऱ्या एसीवाल्याच्या मते कंडेन्सर (गॅस थंड करणारा भाग) गळतो, बदलायला ९,००० रुपये लागतील. आधी दुरुस्ती करावी की तक्रार?

उन्हाळा सरला की अशी पत्रे येतातच, आणि जवळपास प्रत्येकात भांडण चुकीच्या वाक्यावर चाललेले असते. तुमचेही तसेच झाले आहे. ‘गॅसला वॉरंटी नाही’ या ओळीवर तुम्ही दोन पाने लिहिलीत. ती ओळ बाजूला ठेवा. वॉरंटी वस्तूची असते आणि नवा कंप्रेसर चालतो हे तुम्हालाही मान्य आहे. तुमची तक्रार निदानाची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(११) सेवेतील त्रुटीची व्याख्या देते. काम ज्या पद्धतीने केले त्यातली उणीवही तिच्यात बसते, आणि बिलावर ओळ छापून गॅरेजला त्यातून सुटता येत नाही.

त्रुटी नेमकी कोणती, हे जिल्हा ग्राहक आयोगाला सोप्या शब्दांत सांगावे लागेल. गॅस गळून गेला की दाब घसरतो आणि प्रेशर स्विच कंप्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच लागू देत नाही. कंप्रेसर बंद दिसतो, पण तो बिघडलेलाच असतो असे नाही. म्हणून आधी गेज लावून दाब बघायचा, मग नायट्रोजन भरून, साबणाच्या पाण्याने किंवा डाय (चमकणारा रंग) टाकून गळती शोधायची. तुमच्या बिलात कंप्रेसर, गॅस, मजुरी एवढ्याच ओळी आहेत, गळती तपासल्याची नोंद नाही. गॅरेजची ही उणीव तुमच्या फायद्याची आहे.

आता तुमच्या विरुद्धची बाजू. जॉब कार्डवर ‘जुने पार्ट परत नको’ या चौकोनात तुम्ही खूण करून सही केलीत. ३१,००० रुपयांच्या कामाचे कार्ड न वाचता सही केली, हे वाचून मला खरेच वाईट वाटले. जुना कंप्रेसर भंगारात गेला असेल, तर तो चांगला होता हे सिद्ध करण्याचा सरळ मार्ग संपला. शिवाय गॅरेज म्हणेल, कंडेन्सर बंपरच्या जाळीमागे असतो, एप्रिलनंतर दगड लागून फुटला असेल. याला उत्तर नसेल तर तक्रार तिथेच अडते.

ते उत्तर तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहून सोडून दिले आहे: ‘गेल्या वर्षी दोनदा गॅस भरून घेतला होता.’ सगळे प्रकरण या ओळीवर उभे आहे. धडधाकट एसीतला गॅस वर्षात दोनदा संपत नाही, म्हणजे गळती गॅरेजात जाण्याआधीची होती. पावत्या फेकल्या असल्या तरी यूपीआयने पैसे दिले असतील, तर बँकेच्या विवरणात तारीख आणि रक्कम सापडेल. ते आजच काढा. गॅस दोनदा भरल्याचे तुम्ही गॅरेजला सांगितले होते का, आणि जॉब कार्डवर तशी नोंद आहे का, हेही बघा. असेल तर बाजू भक्कम. नसेल तर निकाल काय लागेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

कायद्याने तक्रारीला २ वर्षे मिळतात (कलम ६९), त्यामुळे ती घाई नाही. घाई पुराव्याची आहे. दुसऱ्या एसीवाल्याने कंडेन्सर काढला की गळतीची जागा गेली. आधी त्याच्याकडून लेखी घ्या: तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, गेजवरचे आकडे, गळती कुठे, सही. डाय चमकताना किंवा बुडबुडे येताना सलग व्हिडिओ काढा. मग पहिल्या गॅरेजला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा की १५ दिवसांत येऊन गाडी पाहा, नाहीतर मी दुरुस्ती करून खर्च तुमच्याकडून मागेन. जुन्या कंप्रेसरचे काय केले, हेही त्याच पत्रात विचारा. तोवर एसीचे बटण बंद ठेवा. कंप्रेसरला वंगण देणारे तेल गॅसबरोबरच फिरते. कमी गॅसवर कंप्रेसर चालवून तो खराब झाला, तर गॅरेजच्या हातात नवे कारण जाईल.

गॅरेजने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्याने पैसे परत मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर जिल्हा आयोगात जा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अकोल्यातच तक्रार करता येते, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ३ महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि इतक्या लहान रकमेसाठी लोकांना असे ताटकळत ठेवणे मला अन्यायाचेच वाटते. एक मात्र पक्के: लेखी उत्तराला गॅरेजला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. ४६व्या दिवशी उत्तर आले तर हरकत घ्या.

मागणी बेताची ठेवा. कंप्रेसर आणि मजुरीचे पैसे, वाया गेलेला गॅस, तक्रारीचा खर्च. कंडेन्सरचे ९,००० मागू नका. तो कधीतरी बदलावाच लागला असता. मानसिक त्रासाचे २ लाख लिहाल तर मूळ मागणीवरचा विश्वास कमी होईल.

१५ दिवस उलटले की खुशाल दुरुस्ती करून घ्या. या वेळी मात्र जॉब कार्ड वाचा, आणि काढलेला कंडेन्सर गोणीत घालून घरी आणा.