कुत्र्याच्या हिरडीवर गाठ आली आहे, पण दुखत नाही. थांबून पाहू की लगेच काढून टाकू?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या कुत्र्याच्या खालच्या हिरडीवर वाटाण्याएवढी गुलाबी गाठ आहे, शेजारचा दात हलतोय, खाणं व्यवस्थित आहे आणि बायोप्सी केली तर गाठ पसरेल अशी भीती वाटते. थांबू नका, पण घाईने कापूनही टाकू नका. आधी तुकडा तपासणीला जाऊ द्या.

दुखत नाही, रक्त येत नाही, यावरून काहीच ठरत नाही. गुलाबी रंगावरूनही नाही. कुत्र्यांच्या तोंडात सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे मेलानोमा, आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश गाठींना काळा रंग नसतोच. कोवळ्या वयाच्या कुत्र्यांना विषाणूमुळे फुलकोबीसारखे चामखीळ येतात आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळतात. नऊ वर्षांच्या कुत्र्यात तो भरवसा धरू नये.

हलणारा दात मात्र सध्या उपटू देऊ नका. गाठीने हाड पोखरल्यामुळे तो हलत असेल, तर उपटल्यावर खड्डा भरून येत नाही, उलट त्यातूनच गाठ वर येते. आधी भूल देऊन दाताचा एक्स-रे काढा. तो स्वच्छ दिसला तरी निर्धास्त होऊ नका: हाडातला बराचसा खनिज भाग गेल्याशिवाय एक्स-रेवर काही दिसत नाही. शस्त्रक्रिया करायची ठरली तर सीटी स्कॅन हवा.

बायोप्सीने कर्करोग पसरतो ही भीती अनाठायी आहे. नुकसान होतं ते तुकडा चुकीच्या जागेवरून घेतल्याने. तो तोंडाच्या आतूनच घ्यावा, ओठाची कातडी कापून नव्हे, कारण पुढे तीच कातडी जखम झाकायला लागते. वरचा सडलेला, सुजलेला थर सोडून खोल घ्यावा, नाहीतर अहवालात नुसती 'सूज' येते. तुकडा कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या उपकरणाने) कापू नये, पेशी जळतात. मग तो त्याच्या आकाराच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवावा. त्याच भुलीत जबड्याखालच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथींतून सुईने नमुना घ्यायला सांगा, त्या हाताला मोठ्या लागत नसल्या तरी. छातीचे तीन बाजूंनी एक्स-रेही हवेत. अहवाल येईपर्यंत स्टेरॉइड नको. त्याने काही गाठी तात्पुरत्या आकसतात आणि निदान अवघड होतं.

अहवालात 'अकॅन्थोमॅटस अमेलोब्लास्टोमा' आलं तर एका अर्थी नशीब चांगलं. ही गाठ दूरच्या अवयवांत पसरत नाही, पण हाड खाते. नुसती वरवर खरवडली तर पुन्हा येते. भोवतीचं साधारण 1 सेंटिमीटर हाड धरून काढली तर बहुधा कायमची जाते. मेलानोमा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (वरच्या अस्तराचा कर्करोग) किंवा फायब्रोसार्कोमा (तंतुमय ऊतींचा कर्करोग) असेल तर गाठीभोवतीचा निरोगी भाग आणखी रुंद, साधारण 2 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त, काढावा लागू शकतो. जबड्याचा भाग काढायचा म्हटलं की मालक हादरतात, पण बहुतेक कुत्री त्यानंतर चांगली खातात. एक सापळा लक्षात ठेवा: मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात झपाट्याने वाढणारी गाठ आणि अहवालात 'साधी तंतुमय गाठ' असं आलं, तर पॅथॉलॉजिस्टला पुन्हा बघायला सांगा. काही फायब्रोसार्कोमा सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरुपद्रवी दिसतात.

घरातल्या मांजराचंही विचारलंत. तिथे चित्र वेगळं आणि कठोर आहे. मांजरांच्या तोंडात बहुतेकदा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा असतो, तोही अनेकदा जिभेखाली, म्हणून तोंड नुसतं उघडून पाहिलं तर निसटतो. खालच्या जबड्याच्या दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत बाहेरून अंगठ्याने वर दाबा, जीभ उचलली जाते. लाळ गळणं, तोंडाला वास येणं, एकाच बाजूने चावणं, एक दात हलणं, या खुणांना 'दाताचा त्रास' म्हणून महिनोन् महिने घालवू नका. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातली लहान गाठ काढता येते, पण मांजराला नंतर बराच काळ नळीने भरवावं लागू शकतं. गाठ मोठी किंवा जिभेखाली असेल तर आयुष्य बहुधा काही महिन्यांचंच उरतं. तेव्हा वेदना कमी ठेवणं हाच उपचार. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच द्या. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते.