साखर बंद केली की गाठ उपाशी मरते का?

प्रश्न : बहिणीला स्तनाचा कर्करोग आहे, केमो सुरू आहे. ‘कॅन्सर साखरेवर जगतो’ असं ऐकून तिने साखरच नव्हे, धान्य आणि फळंही सोडली. वजन झपाट्याने उतरतंय. काय करावं?

उत्तर : आधी धान्य आणि फळं पुन्हा सुरू करा, आणि घटलेलं वजन या आठवड्यातच डॉक्टरांच्या कानावर घाला.

ऐकलं त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बऱ्याच कर्करोगपेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकातच दाखवलं. ही भूक ताटातून येत नाही, पेशीतल्या एन्झाइममधून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमधून येते. ग्लुकोज पेशीत शिरलं की हेक्सोकायनेज हे एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतं. फॉस्फेट लागलेलं ग्लुकोज आल्या दाराने बाहेर पडू शकत नाही. स्तनाच्या अनेक गाठींत या एन्झाइमचा हेक्सोकायनेज-२ हा प्रकार वाढलेला असतो. पुढे पायरुवेट कायनेज एम-२ हे दुसरं एन्झाइम ग्लुकोज मोडून पायरुवेट बनवण्याची शेवटची पायरी मंद करतं, त्यामुळे मधले रेणू नव्या पेशींच्या बांधकामाकडे वळतात. तयार झालेल्या पायरुवेटचं एलडीएच-ए हे एन्झाइम लॅक्टेट करून टाकतं. या वाटेने एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, जेमतेम २ रेणू मिळतात. ऑक्सिजन वापरून पूर्ण जाळलं तर सुमारे ३०. तरी गाठीला ही वाट परवडते, कारण तिला इंधनाइतकाच बांधकामाचा मालही हवा असतो.

आता उपासाचं पाहा. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. ते खाण्यातून आलं नाही तर यकृत बनवतं, आणि त्यासाठी स्नायूंची प्रथिनं मोडली जातात. रक्तातली साखर ९०ची ७५ झाली म्हणून गाठीचं काही अडत नाही. हेक्सोकायनेज-२ अगदी थोड्या ग्लुकोजवरही जोमाने चालतं. झिजतात ते बहिणीचे स्नायू, आणि अशक्तपणा वाढला की केमोचा पुढचा डोस लांबतो. तो लांबणं आम्हाला साखरेच्या चमच्यापेक्षा कितीतरी जास्त काळजीचं वाटतं.

गोड पेयं जरूर कमी करावीत. पाळी गेल्यानंतर वाढलेली चरबी इस्ट्रोजेन तयार करते आणि इन्सुलिनही चढं राहतं, म्हणून वजन आटोक्यात ठेवणं हिताचंच. मात्र ते उपचारांच्या ऐन मध्यात, उपाशी राहून नव्हे.

प्रश्न : पेट स्कॅनआधी उपाशी का ठेवतात?

उत्तर : स्कॅन याच हेक्सोकायनेजवर चालतो. टोचतात ते एफडीजी हे किरणोत्सर्गी द्रव्य ग्लुकोजसारखंच असतं. फॉस्फेट लागून ते पेशीत अडकतं, पण पुढे मोडत नाही. म्हणून गाठ उजळून दिसते. आधी खाल्लं तर इन्सुलिन वाढतं, एफडीजी स्नायूंत जातं आणि चित्र बिघडतं. किमान ४ ते ६ तास उपाशी राहा. साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी जड व्यायाम नको. टोचल्यावर तासभर शांत, उबेत बसा. मधुमेहाची औषधं कधी घ्यायची ते आधीच विचारून घ्या. साखर २००च्या वर असेल तर स्कॅन बहुधा पुढे ढकलतात. स्तनाच्या दूधग्रंथींत सुरू होणारी लोब्युलर प्रकारची गाठ एफडीजी कमी घेते, त्यामुळे ती पेटमध्ये फिकी दिसू शकते.

प्रश्न : स्तनाच्या कर्करोगावरचं अल्पेलिसिब हे औषध सुरू केल्यावर आईची साखर वाढली. औषध बंद करू का?

उत्तर : स्वतःहून नाही. हे औषध गाठीतलं पीआय-३-कायनेज हे एन्झाइम रोखतं; पण इन्सुलिनचा निरोपही त्याच एन्झाइममार्फत पोचतो, म्हणून साखर चढते. पहिले २ आठवडे दर आठवड्याला, नंतर किमान दर ४ आठवड्यांनी उपाशीपोटीची साखर तपासा. बहुधा मेटफॉर्मिन जोडतात. खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा गुंगी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : रक्तात एलडीएच वाढलं, म्हणजे आजार पसरला?

उत्तर : तेवढ्यावरून म्हणता येत नाही. हे एन्झाइम लाल पेशी, स्नायू, यकृत सगळीकडे असतं. रक्त घेताना लाल पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. नमुना पुन्हा द्या.