मॉडेल चालतं, पण जोडलं जात नाही

प्रश्न : मी पर्वरीला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ग्राहकाचा कोड बाहेर पाठवायला मनाई, म्हणून सरांनी ग्राफिक्स कार्डवाल्या पीसीवर ओलामा (आपल्याच यंत्रावर एआय मॉडेल चालवणारा प्रोग्राम) टाकून क्वेन २.५ कोडर या कोड लिहिणाऱ्या एआयचं ७ बी आकाराचं मॉडेल उतरवलं. तिथे ते झकास चालतं. माझ्या लॅपटॉपवर व्हीएस कोड या कोड-एडिटरमध्ये कंटिन्यू हे एआय जोडणारं एक्स्टेंशन घालून लोकलहोस्ट, पोर्ट ११४३४ असा पत्ता दिला, तर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. एपीआय की (सेवा वापरायची गुप्त किल्ली) लागते का? ती कुठून आणू?
— एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : बाय, आधी ती एपीआय की विसर. सरांच्या पीसीवरचं ओलामा अशी की तपासतच नाही. चौकट रिकामी सोडता येत नसेल तर काहीही लिही.

गोची पत्त्यात आहे. लोकलहोस्ट म्हणजे ज्या यंत्रावर तू बसलीस तेच. लॅपटॉपला तू स्वतःच्याच घराचं दार ठोठावायला लावलंस, आणि आत कोणी नाही. तिथे पीसीचा ऑफिसातला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) घाल. तेवढ्यानेही भागणार नाही, कारण ओलामा मुळात १२७.०.०.१ वरच ऐकतं, बाहेरच्याला दाद देत नाही. पीसीवर ‘ओलामा_होस्ट’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममधली एक सेटिंग) ०.०.०.०, म्हणजे ‘बाहेरच्यांचंही ऐक’, असा करून ओलामा बंद करून परत चालू करायचं. मग लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो आयपी आणि पोर्ट टाक. ‘ओलामा इज रनिंग’ अशी एक ओळ दिसायला हवी. नाही दिसली तर पीसीची फायरवॉल बघ. ती ओळ दिसण्याआधी एक्स्टेंशनची सेटिंग्ज उकरत बसू नकोस. सगळे नेमकं तेच करतात आणि अख्खी संध्याकाळ घालवतात.

ती ओळ दिसली की एक्स्टेंशनकडे वळ. तिथे प्रोव्हायडर ‘ओलामा’ निवडलास तर पत्ता पोर्टवर संपतो. ‘ओपनएआय’ निवडून ते ओलामाकडे वळवलंस तर शेवटी /व्ही१ लागतं. मॉडेलचं नाव ओलामाच्या यादीत दिसतं तसंच, कोलनपुढच्या ७ बीसकट.

टाइप करताना पुढचं सुचवायला मात्र हे ७ बी जुंपू नकोस, त्याला १.५ बीचं छोटं, चटकन उत्तर देणारं बेस मॉडेल (गप्पांसाठी न घडवलेलं) वेगळं लाव. सूचना येईपर्यंत तू ओळ लिहून मोकळी झालीस तर ती हवी कशाला? आणि मोठी फाइल दिल्यावर वरचा भाग विसरल्यासारखं वागलं, तर कॉन्टेक्स्टची लांबी (मॉडेल एका वेळी किती मजकूर ध्यानात धरतं ती) वाढव. कार्डाची मेमरी जास्त खाईल, तेवढं सरांच्या कानावर घाल.

आणखी एक त्यांनाच सांग. ०.०.०.० केल्यावर ऑफिसच्या वाय-फायवरचा कोणीही ते मॉडेल वापरू शकतो, तेव्हा पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवा. पावसात म्हार्दोळहून काम करायचं म्हणून राऊटरवर तो पोर्ट उघडायला लावू नकोस, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) मागून घे.