मटण: खावं, कमी करावं की सोडावं?

आषाढातली त्र्यंबोलीची यात्रा आणि तिची मटणाची जेवणं उरकली, श्रावण तोंडावर आला, की कोल्हापुरात हा प्रश्न घरोघर निघतो. या वेळी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना आमच्या आहार विभागाने दिलेली ही उत्तरं.

प्रश्न: मिस्टरांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. डॉक्टर म्हणाले, "मटण कमी करा." आमच्याकडे रविवारी एक किलो येतंच, खाणारी माणसं चार. सासूबाई म्हणतात, बंदच करून टाक. कमी म्हणजे नेमकं किती?
— गृहिणी, कसबा बावडा

उत्तर: किलोभर मटणात पाव किलोच्या आसपास हाडं जातात. उरलेलं शिजून आटतं आणि साधारण अर्धा किलो भरतं. चौघांत माणशी सव्वाशे ग्रॅम झालं. तांबड्या मांसाची (यात बोकड आणि मेंढी दोन्ही आली) आठवड्याची मर्यादा शिजलेलं ३५० ते ५०० ग्रॅम अशी सांगितली जाते. म्हणजे फक्त रविवारी खात असाल तर फोडींचं प्रमाण मुळात जास्त नाही. गडबड आहे ती रश्शात.

आधी तुकडे बघा. चाप (बरगड्यांचं) आणि सीना (छातीचं) चवीला गोड लागतात कारण त्यांत चरबी भरपूर असते. मांडीचं आणि फऱ्याचं (पुढच्या पायाचं) घ्या आणि वरची पांढरी चरबी दुकानातच काढून मागा. काळीज, गुर्दा, भेजा सध्या नको. यांत कोलेस्टेरॉल फार असतं आणि युरिक अॅसिड वाढलेल्यांना काळीज-गुर्दा तर त्रासच देतात.

अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) सकाळी लवकर शिजवून निवू द्या आणि चार-पाच तास फ्रिजमध्ये ठेवा. वर चरबीचा पांढरा थर धरतो, तो चमच्याने उचलून टाका. मगच रस्सा करा. चौघांच्या तांबड्या रश्शाला दोन मोठे चमचे तेल पुरतं. तेल कमी घातलं की रस्सा फिका दिसतो अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे, कारण मिरचीचा रंग तेलातच उतरतो. त्यावर उपाय म्हणजे ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटून घ्या आणि कांदा-लसूण चटणी मंद आचेवर, तेलातून धूर निघायच्या आत टाका. तेल जास्त तापलं तर चटणी काळी पडते, रस्सा कडवट होतो, आणि मग तो लपवायला माणूस आणखी तेल ओततो.

पांढऱ्या रश्शाला मात्र सूट नाही. घट्ट नारळाच्या दुधाच्या एका वाटीत पंचवीस-तीस ग्रॅम चरबी असते आणि ती जवळजवळ सगळी संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारीच. तिथे दूध निम्मं करा, दाटपणासाठी खसखस-तिळाचं वाटण वाढवा. मिस्टरांना एकच वाटी. दोन-तीन वाट्या रस्सा ओरपायची सवय ही खरी अडचण.

सासूबाईंचं म्हणणं मानून मटण बंद केलंत आणि त्या जागी रविवारी पुरी-बटाटा नि श्रीखंड आलं, तर पुढचा रिपोर्ट सुधारणार नाही. आणि डॉक्टरांनी गोळी दिली असेल, तर ताट बदललं म्हणून ती परस्पर थांबवायची नाही.

प्रश्न: शिक्षणासाठी वसतिगृहात राहते. आठ महिन्यांपूर्वी मांसाहार पूर्ण सोडला, अंडीही. आता केस गळतात, जिना चढताना धाप लागते. घरचे म्हणतात, "बघ, मटण सोडल्याचा परिणाम." खरं आहे का?
— विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर: मटण सोडल्यामुळे असं होत नाही. मटण सोडून त्या जागी काहीच न आल्यामुळे होतं. मेसचं ताट डोळ्यांसमोर आणा: तीन चपात्या, बटाट्याची भाजी, पळीभर पातळ आमटी, भात. त्यातून मटण आणि अंडी वजा झाली आणि भरपाईला चौथी चपाती आली. प्रथिनं घटली, लोह घटलं.

तुमची लक्षणं आधी लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तरुण स्त्रीची लोहाची रोजची गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे, पुरुषाची १९. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर ओढ आणखी वाढते. मांसातलं लोह शरीर सहज उचलतं, धान्य-कडधान्यांतलं फार थोडं. पण ते 'थोडं' वाढवता येतं. मटकी किंवा मसुराची उसळ वाटीभर घ्या आणि जेवताना तिच्यावर अर्धं लिंबू पिळा. शिजताना नको, उष्णतेने क जीवनसत्त्व जातं. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नाही. मेसमध्ये जेवण झालं की लगेच कटिंग मारायची पद्धत असते. त्या चहाने उसळीतलं लोह अडवलं जातं. कडधान्य आठ-दहा तास भिजवून मोड आणले, की लोहाला धरून बसणारी द्रव्यंही कमी होतात.

गूळ-शेंगदाण्यावर विसंबू नका. आपला कोल्हापुरी गूळ कितीही चांगला असला, तरी दहा ग्रॅमच्या खड्यात जेमतेम अर्धा-एक मिलिग्रॅम लोह मिळतं. पालकाचंही तेच, त्याचं नाव मोठं, पण त्यातलं लोह शोषलं जातं फार कमी.

दुसरी शक्यता बी-१२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतीत भरवशाच्या प्रमाणात नसतंच. मोड, इडली-डोसा, स्पिरुलिना यांतून ते मिळतं असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. यकृतात साठा मात्र दोन ते पाच वर्षं पुरेल इतका असतो, त्यामुळे आठ महिन्यांत तो सहसा संपत नाही. पण साठा आधीपासूनच कमी असेल तर गोष्ट वेगळी. पायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा असेल तर लगेच दाखवा. उशीर झाला तर नसांची इजा पूर्ण भरून येत नाही. फक्त फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घेत राहिलात तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसा मात्र आत खराब होत राहतात, म्हणून हे महत्त्वाचं.

गोळ्या सुरू करण्याआधी चार तपासण्या करून घ्या: हिमोग्लोबिन (१२ च्या खाली म्हणजे पंडुरोग), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉईड. आधी गोळी आणि मग तपासणी केली तर आकडा फसवा येतो. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, दूध-चहासोबत नको. पुढे रोज अर्धा लिटर दूध किंवा तेवढं दही आणि दोन्ही वेळच्या जेवणात दाट वरण किंवा उसळ असेल, तर शाकाहारी राहून सगळं नीट चालतं. मेसवाल्यांना आमटी दाट करायला सांगणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम, ते चार मैत्रिणींनी मिळून करा.

प्रश्न: ७४ किलो गटात खेळतो. घरात सगळे माळकरी, मलाही माळ घालायची आहे. वस्ताद म्हणतात, मटणाशिवाय रग येत नाही. काय करू?
— पैलवान, शाहूपुरी

उत्तर: वस्तादांचं म्हणणं अनुभवाचं आहे, पण त्याचा हिशेब मांडून बघू. कसून मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागे १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्हाला साधारण १०५ ते १५० ग्रॅम. आता तालमीतला खुराक तपासा. तुपात प्रथिनं नाहीत. थंडाईतल्या पंचवीस बदामांतून सहा ग्रॅम. अळणीचा पेला ऊब देतो, मीठ-पाणी देतो. प्रथिनं मात्र तुकड्यांत राहतात, पाण्यात फार उतरत नाहीत.

शाकाहारी ताट असं बसतं: म्हशीचं दूध एक लिटर (३७ ते ४० ग्रॅम), कोरडी डाळ-कडधान्यं मिळून १०० ग्रॅम (२२), सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम (२५), पनीर १०० ग्रॅम (१८), भाकरी-चपातीचं पीठ ३०० ग्रॅम (३०), शेंगदाणे ५० ग्रॅम (१२). बेरीज १४५ च्या आसपास जाते. एकाच वेळी सगळं रेटू नका. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पंचवीस-तीस ग्रॅम येतील असं वाटून घ्या.

चुका दोन ठिकाणी होतात. दूध वाढवत अडीच-तीन लिटरवर नेलं की म्हशीच्या दुधातल्या सहा-सात टक्के चरबीने वजन गटाबाहेर सरकतं. आणि कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं, मग दुपारच्या मेहनतीत दम निघत नाही. दर आठवड्याला थोडी वाढवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या, फोडणीला हिंग घाला. सोयावड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा पिळल्या की त्यांचा उग्र वास जातो. सोयाने पुरुषी ताकद घटते ही भीती या प्रमाणाला लागू नाही.

क्रिएटिन मांसातून मिळतं, शाकाहाऱ्यांच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेता येतं. ते कारखान्यात तयार होतं, मांसातून काढत नाहीत, आणि उत्तेजकांच्या यादीत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जिममध्ये सुटी विकली जाणारी, लेबल नसलेली पावडर घेऊ नका. तिच्यात काय मिसळलंय ते कळत नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडलात तर शिक्षा खेळाडूलाच होते.

प्रश्न: प्राण्यांसाठी मांस सोडलं. मग दूध चालतं का? आणि पाकिटावरच्या हिरव्या खुणेवर कितपत भरवसा ठेवावा?
— वाचक, ताराबाई पार्क

उत्तर: खुणेचं आधी. चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी (जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी ठिपका असायचा). अंड्याचा पदार्थ मांसाहारीत धरतात, दुधाचा शाकाहारीत. औषधं या नियमात येत नाहीत; जीवनसत्त्वांच्या मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं. दुकानदाराकडे साधी गोळी मागा. हॉटेलात 'व्हेज पांढरा रस्सा' मागवताना पळी आणि पातेलं वेगळं आहे का, हे सरळ विचारा.

दुधाचं उत्तर कडू आहे. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि रेडकू नर निघालं तर गोठ्यात त्याचा उपयोग नसतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. बाकी तुम्ही समजून घ्याल. म्हणून मांस सोडणं फुकट जात नाही, पण केवळ प्राण्यांसाठी सोडलं असेल तर दुधाचा विचार टाळता येणार नाही. दूधही सोडायचं ठरवलंत तर बी-१२ ची गोळी आयुष्यभर लागते: रोज किमान १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २०००. कॅल्शियमसाठी नाचणी (१०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम) आणि तीळ.

प्रश्न: सासूबाईंनी माळ घातली, बाकीचे खाणारे. एकाच ओट्यावर दोन्ही कसं करू?
— सूनबाई, शिवाजी पेठ

उत्तर: आधी शाकाहारी स्वयंपाक उरकून झाकून ठेवा, मग मटण. कांदा-खोबऱ्याचं वाटण एकदाच वाटा आणि मटणाला हात लावण्याआधी दोन भाग करा. सासूबाईंना कांदा-लसूण चालतो का हे मात्र विचारून घ्या, काही माळकरी तोही सोडतात. पातेलं, पळी, विळी वेगळी. तळणीचं तेल वेगळं. कच्चं मटण नळाखाली धुऊ नका, शिंतोडे कोशिंबिरीपर्यंत उडतात. खोल भांड्यात पाणी घेऊन धुवा. त्यांच्या ताटात रविवारी अख्खा मसूर करा: चौघांना २०० ग्रॅम, दोन तास भिजवून, त्याच वाटणात. घरातले मटणवालेही त्यावर हात मारतील, म्हणून थोडा जास्तच करा.

प्रश्न: महिनाभर श्रावण पाळून पहिल्यांदा मटण खाल्लं की पोट बिघडतं. पचवायची सवय मोडते का?
— वाचक, रंकाळा परिसर

उत्तर: नाही. डाळीतली आणि मटणातली प्रथिनं पचवणारे रस तेच असतात, ते महिन्यात विसरत नाहीत. बिघडतं ते दुप्पट खाण्याने, कटाच्या (रश्शावरच्या तवंगाच्या) तेलाने आणि दुपारचं पातेलं रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवल्याने. शिजलेलं मटण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, तेही उथळ भांड्यात; खोल पातेल्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतू तिथेच वाढतात. पुन्हा वाढताना नुसतं कोमट नको, सगळा रस्सा खळखळून उकळा, आणि फ्रिजमधलं दोन दिवसांत संपवा.