मुलाला या कामातून आजच मोकळे करा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका भगिनीचे पत्र आले आहे. शिरोली एमआयडीसीत नोकरीला असलेल्या पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध असल्याचा त्यांना आठ महिन्यांपासून संशय आहे. खासगी गुप्तहेराने पंधरा दिवसांच्या पाळतीचे साठ हजार रुपये सांगितले आहेत. पाटल्या मोडून ते द्यावेत का आणि असा पुरावा न्यायालयात टिकेल का, असे त्या विचारतात.

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. पाटल्यांच्या हिशेबात तुम्ही जाता जाता लिहिले आहे, ‘आमचा सातवीतला मुलगा हुशार आहे, त्याने यांच्या मोबाइलचा पॅटर्न बघून ठेवलाय आणि हे आंघोळीला गेले की तो मला स्क्रीनचे फोटो काढून देतो.’

तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. जबाबदार गुप्तहेर कारखान्याच्या गेटपासून दुचाकीवरून मागावर राहतो, लॉजच्या दारात जाता-येतानाचे फोटो तारीख-वेळेसह काढतो, असे अनेकदा करून नोंदी ठेवतो आणि वेळ आली तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो. चोरून कॉल डिटेल्स आणून देतो किंवा फोनमध्ये गुपचूप ॲप टाकून देतो असे म्हणणाऱ्याच्या दारातून मात्र परत फिरा. अशाच कॉल डिटेल्सच्या प्रकरणात २०१८ मध्ये ठाण्यात खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही, तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली तो घटस्फोटाचे कारण आहेच.

आता मुलाकडे या. मोबाइलमधले फोटो पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि उलटतपासणीत समोरचा वकील विचारणारच की हे फोटो कोणी काढले. तेव्हा तुम्ही मुलाचे नाव सांगणार आहात का? न्यायालय तर पुढची गोष्ट आहे. बाथरूममधल्या पाण्याचा आवाज थांबतो का इकडे कान ठेवून, थरथरत्या हाताने वडिलांचा फोन उघडणारे हे पोर त्या पडद्यावर काय काय वाचत असेल, याचा तुम्ही एकदा तरी विचार केला आहे का? ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली, ती तुमच्याही आधी तो वाचतो, तुमच्या हातात देतो आणि दप्तर उचलून शाळेत जातो. तुमचा संशय खरा असेलही, तुमचे दुःख तर खरेच आहे. पण मुलाला या कामाला तुमच्या पतीने लावलेले नाही, तुम्ही लावले आहे, आणि त्याचा मला राग आला आहे.

आज रात्री त्याला जवळ घेऊन सांगा, ‘बाळा, हे मोठ्यांचे काम आहे, ते तुला सांगितले ही माझी चूक झाली, यापुढे तू बाबांचा फोन बघायचा नाहीस.’ त्याने काढलेले फोटो त्याच्यासमोर पुसून टाका. गुप्तहेर आणि पाटल्या यांचे काय करायचे ते त्यानंतर वकिलासमोर बसून ठरवा. आणि रविवारी बापलेक रंकाळ्यावरून फिरून परत आले की मुलाला भेळ कशी होती एवढेच विचारा.