टाकीवरचा सेन्सर चार वेळा का बोलतो?

गोव्यातल्या सावईवेऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा फोंड्यात बारावी सायन्सला. घरच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाण्याच्या टाकीवर बिनतारी सेन्सर आहे; टाकी भरली की घरातल्या हबला, म्हणजे सेन्सरचे निरोप घेणाऱ्या डबीला, कळतं आणि पंप बंद होतो. पण सेन्सरची बॅटरी दीड महिन्यात संपायची, कधी निरोपच पोचायचा नाही आणि पाणी पोफळींत वाहून जायचं. मुलानं एक स्निफर डोंगल, म्हणजे हवेतले बिनतारी निरोप टिपणारं छोटं उपकरण, आणला, लॅपटॉपला लावला आणि रात्री जागून पडद्यावरच्या रांगा वाचू लागला. शेजारी म्हणाले, "हा हॅकिंग करतो." वडील विचारतात: याला आवरू का? यात पोटापाण्याचं काही आहे का? आणि कुणी सुचवलेला सहा महिन्यांचा 'एथिकल हॅकर' कोर्स इंजिनिअरिंगऐवजी करू द्यावा का?

नमस्कार,

मुलाच्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवलेत, फार बरं केलंत. मी तुमच्या पत्राआधी तीच वाचली. त्यात एका ओळीत लिहिलंय: "सीक्वेन्स नंबर ११७, चारदा. अ‍ॅक नाही." म्हणजे ११७ क्रमांकाचा निरोप चारदा दिसला आणि त्याची पोच आली नाही. या एका ओळीवर मी तुम्हाला उत्तर देऊ शकतो.

तुमचा सेन्सर झिगबीवर, म्हणजे अशा छोट्या उपकरणांसाठीच्या बिनतारी पद्धतीवर, चालतो. त्यात निरोप पाठवला की समोरून छोटीशी पोच यावी लागते. पोच आली नाही तर सेन्सर तोच निरोप, त्याच नंबरानं, पुन्हा पाठवतो. ठरलेल्या नियमाप्रमाणे आणखी तीनदा. म्हणजे एकच नंबर चारदा दिसणं याचा अर्थ सेन्सरनं सगळे प्रयत्न करून पाहिले. बॅटरी कुठे जाते ते यातून कळतं. पुढे त्यानं लिहिलंय की हब २२ व्या चॅनलवर, म्हणजे लहरींच्या ठरावीक पट्टीवर, आहे आणि घरातला वाय-फाय राउटर ११ व्या. झिगबीचं २२ वं चॅनल २४६० मेगाहर्ट्झवर, वाय-फायच्या ११ चा मध्य २४६२ वर. राउटर साधारण वीस मेगाहर्ट्झ जागा व्यापतो, म्हणजे तुमचा सेन्सर त्याच्या ऐन गलक्यात बोलतोय. त्यातून आकृतीत हब आणि राउटर एकाच फळीवर!

यात त्यानं सेन्सरच्या निरोपातलं एक अक्षरही वाचलेलं नाही. आतला मजकूर सांकेतिक असतो, किल्लीशिवाय उघडत नाही. त्यानं लिफाफा न फोडता पोस्टमनच्या फेऱ्या मोजल्या आणि अडचण कुठे आहे ते ओळखलं. पडद्यावर पॅकेट, म्हणजे हवेतले हे निरोप, गोळा करणं अर्ध्या तासात कुणालाही जमेल. ते दाखवणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, १९९८ पासून ते वाढत आलंय. गोळा केलेल्यातून कारण काढणं थोड्यांना जमतं. तुमच्या मुलाला जमतंय, म्हणून मी इतकं आनंदानं लिहितोय.

एक कच्चा दुवा मात्र आहे. डोंगल त्यानं फक्त टाकीजवळ ठेवला होता. तिथे सेन्सरचा आवाज स्पष्टच येणार. आता तो हबशेजारी ठेवून पाहू दे, कारण हबला काय ऐकू येतं ते तिथेच कळेल. मग हब राउटरपासून दोन-तीन मीटर लांब नेऊन मोजायचं, आणि त्यानंतर चॅनल २५ करून पुन्हा मोजायचं. दोन्ही बदल एकदम केले तर गुण कशानं आला ते कळणार नाही. चॅनल बदलल्यावर सेन्सर कदाचित पुन्हा जोडावा लागेल, तेव्हा पंपावर त्या दिवशी कुणी तरी लक्ष ठेवा.

आता शेजाऱ्यांचं. स्वतःच्या घरातल्या उपकरणांचं ऐकणं यात गैर काही नाही. पण शेजारच्या घरातलं, कॉलेजातलं किंवा एखाद्या होमस्टेचं नेटवर्क परवानगीशिवाय उघडायला जाणं पूर्ण वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली अप्रामाणिक हेतूनं दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून माहिती घेतली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. डोंगलला आसपासची पॅकेटं आपोआप ऐकू येतात, म्हणून त्याला आधीच सांगा: आपल्या उपकरणाच्या पत्त्यावर फिल्टर लावायचा, बाकीचं साठवायचं नाही आणि फाइल कुणाला द्यायची नाही. हे तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. शेजाऱ्यांच्या तोंडून आलं तर लपवायला शिकेल.

कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: इंजिनिअरिंगऐवजी नको. तिथे साधनं चालवायला शिकवतील. मुलाला पडलेला प्रश्न, एक लहर दुसरीला का बुडवते, हा इलेक्ट्रॉनिक्सचा आणि गणिताचा आहे. तुमच्यापासून जवळच फर्मागुढीला गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन शाखा आहे. कुंकळ्ळीची एनआयटी आणि फर्मागुढीचीच आयआयटीही डोळ्यांपुढे ठेवा. कॉलेजच्या नावापेक्षा शाखा आधी ठरवा. बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित मात्र त्यानं या डोंगलसाठी मागे टाकलं तर मी तुमच्या बाजूनं बोलेन. परीक्षेपर्यंत आठवड्यातली एक संध्याकाळ पुरे.

पोटापाण्याचं विचारता, तर घड्याळापासून वीजमीटरपर्यंत बिनतारी काही बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला नेमकं हेच पाहणारी माणसं लागतात: फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर, लिहिणारे, चाचणी घेणारे, सुरक्षा तपासणारे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत थोडं काम मिळेल, पण बरीचशी नोकरी बंगळुरू, पुणे, हैदराबादेत आहे. मुलगा चार-पाच वर्षं घराबाहेर राहील, याची तयारी ठेवा. कुळागर कोण बघणार, हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण तो मला ओळींमध्ये दिसला. मुलाशी त्याबद्दल आत्ताच बोला.

आणि त्याला दोन पानांचा अहवाल लिहायला सांगा: आधी शंभर निरोपांतल्या किती निरोपांना पोच आली, हब हलवल्यावर किती, चॅनल बदलल्यावर किती. पुढे मुलाखतीला जाताना हीच पानं त्यानं सोबत न्यावीत. आकडे आले की मलाही पाठवा, मी वाट पाहतोय.