तारखांच्या जागी आकडे

प्रश्न : पावसाच्या नोंदींची एक्सेल फाइल ‘आर’ या सांख्यिकी संगणकभाषेत घेतली असता तारखांच्या रकान्यात ४५४४४ असे आकडे दिसतात. काय चुकले असावे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आकडा बरोबरच आहे, एक्सेल तारीख दिवसांच्या मोजणीने साठवते आणि ४५४४४ म्हणजे १ जून २०२४. रकान्यात कोणी मध्येच ‘नोंद नाही’ असे लिहिले असल्यास (आपल्याकडे ही सवय फार) ‘रीडएक्सएल’ हे ‘आर’मध्ये एक्सेल फाइल वाचणारे पॅकेज संपूर्ण रकाना मजकूर समजते आणि तारखांऐवजी हे साठवलेले आकडेच मजकूर म्हणून आणते. फाइल वाचतानाच ‘नोंद नाही’ हे शब्द ‘एनए’ (म्हणजे माहिती उपलब्ध नाही) म्हणून घोषित करावेत, म्हणजे रकाना तारखांचा राहतो. आधीच मजकूर म्हणून आत आलेले आकडे संख्येत रूपांतरित करून, त्यांची तारीख करताना आरंभदिन (मोजणीचा शून्य दिवस) ३० डिसेंबर १८९९ द्यावा. १ जानेवारी १९०० दिल्यास दोन दिवसांची चूक होते, कारण एक्सेल मोजणी एकापासून सुरू करते आणि १९०० हे लीप वर्ष नसूनही तसे मानते.